डार्विनचं नाक आणि चार अक्षरं

चार्ल्स डार्विन ‘आय-एन-टी-पी’ होता की ‘आय-एन-टी-जे’, या वादात उतरणारी माणसं सहसा हुशार असतात. त्यांनी एक-दोन चरित्रं वाचलेली असतात आणि शेवटच्या अक्षरावरून ती तासभर भांडू शकतात. पहिल्या अक्षराबद्दल मात्र दोन्ही पक्षांचं एकमत असतं. डार्विन अंतर्मुख होता, यात कुणाला शंकाच नसते. मला आहे. आणि ती त्या एका अक्षरापुरती नाही. मेलेल्या शास्त्रज्ञाला चरित्र वाचून खोक्यात बसवण्याचा हा सगळा उद्योगच पोकळ आहे, असं माझं म्हणणं आहे. ‘अहो, गंमत आहे, एवढं काय मनावर घेता’ म्हणणाऱ्यांशीही मला भांडायचं आहे, पण त्यांचा नंबर नंतर.

ही अक्षरं ज्यांच्या वाट्याला अजून आलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 1921 साली कार्ल युंगचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्याच्या आधारानं एक प्रश्नावली घडवली, ती 1962 साली छापली गेली. चार जोड्या: बहिर्मुख की अंतर्मुख, तपशिलावर भर की अंतःप्रेरणेवर, निर्णय विचारानं की भावनेनं, शिस्त की मोकळीक. प्रत्येक जोडीतलं एक अक्षर घ्यायचं, म्हणजे सोळा प्रकार झाले. मायलेकींपैकी कुणीच मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं, असा टोमणा नेहमी मारला जातो. तो मला पटत नाही. डार्विनकडे तरी जीवशास्त्राची पदवी कुठे होती? माझी तक्रार प्रश्नावलीपेक्षा तिच्या गैरहजेरीबद्दल आहे. डार्विननं ती भरलेली नाही. त्याच्या वतीनं दुसरेच भरतात. ही चाचणी चालवणारे अधिकृत लोकसुद्धा सांगतात की आपला प्रकार कोणता, याचा शेवटचा निर्णय त्या माणसानं स्वतः करायचा. म्हणजे अक्षरवाले ज्या पद्धतीच्या नावानं बोलतात, तिचाच पहिला नियम मोडून सुरुवात करतात.

आता पहिल्या अक्षराचा पुरावा पाहू. 1842 साली डार्विन लंडन सोडून केंटमधल्या डाऊन या खेड्यात गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, तिथेच राहिला. मेजवान्या टाळल्या, सभा टाळल्या. 1 जुलै 1858 ला लंडनच्या लिनीअन सोसायटीत त्याचा आणि निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसचा उत्क्रांतीचा सिद्धान्त पहिल्यांदा वाचला गेला, तेव्हाही तो हजर नव्हता. यावरून काय वाटेल? एकांतप्रिय, बुजरा, माणसांचा कंटाळा असलेला विचारवंत.

पण तीनच दिवसांपूर्वी, 28 जूनला, त्याचं दीड वर्षाचं बाळ स्कार्लेट फीव्हरनं गेलं होतं. ज्या घरात असं घडलं आहे त्या घरातला बाप सभेला गेला नाही, तर त्याच्या स्वभावाचं कोणतं अक्षर सिद्ध होतं?

मेजवान्यांचं म्हणाल, तर डार्विननं स्वतःच त्याचं कारण आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. डाऊनला आल्यावर सुरुवातीला तो थोडंफार जात-येत असे. पण त्या उत्साहाचा परिणाम शरीरावर होई, जोराची थरथर आणि उलट्या सुरू होत, म्हणून ते सोडावं लागलं. पुढे तो म्हणतो की याची त्याला उणीव भासली, कारण अशा मंडळींत बसलं की त्याचं मन नेहमी उल्हसित होत असे. हे वाक्य अक्षरवाल्यांनी वाचलेलं नसेल असं नाही. वाचलं असेल आणि पुढे गेले असतील. लोकांत बसून ज्याला बरं वाटतं तो बहिर्मुख, एकटं राहून ज्याला बरं वाटतं तो अंतर्मुख, अशी व्याख्या हेच लोक सांगतात. त्या व्याख्येनं पाहिलं तर डार्विनचं मन एकीकडे आणि पोट दुसरीकडे होतं. त्याच्या पोटाचं अक्षर आपण त्याच्या मनाला लावतो आहोत.

त्या पोटाला नेमकं काय झालं होतं, यावरही शंभर-दीडशे वर्षं तर्क चालले आहेत. 1959 साली सॉल अॅडलर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या किड्यापासून होणाऱ्या चागास रोगाकडे बोट दाखवलं. 1990 साली जॉन बोल्बी यांनी आठव्या वर्षी आई गेल्याच्या दुःखाकडे. त्यांच्यातला वाद मिटलेला नाही, पण निदान ते लक्षणं समोर ठेवून बोलतात आणि चुकीचं ठरण्याची तयारी ठेवतात.

आजारापूर्वीचा डार्विन तर या खोक्यात मावतच नाही. केंब्रिजमध्ये हा मुलगा शिकारीत आणि खाण्यापिण्याच्या मित्रमंडळात रमलेला होता. डिसेंबर 1831 पासून ऑक्टोबर 1836 पर्यंत तो ‘बीगल’ जहाजावर होता. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानात तिथल्या गुराख्यांबरोबर त्यानं घोड्यावरून मजल दरमजल केली, उघड्यावर त्यांच्यात झोपला, त्यांच्यासारखं मांस भाजून खाल्लं. परत आल्यावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा तो काही वर्षं चिटणीस होता. आणि डाऊनला ‘कोंडून घेतल्यावर’ही त्यानं जे केलं ते पाहा. पाळीव प्राण्यांतले बदल समजून घ्यायचे म्हणून तो लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत जाऊ लागला. शास्त्रज्ञ मित्र हक्सलेला लिहिलेल्या एका पत्रात तो बरो भागातल्या एका दारूच्या गुत्त्यात घालवलेल्या संध्याकाळचं वर्णन करतो. कबुतरं पाळणाऱ्यांच्या घोळक्यात तो बसला आहे. कुणीतरी हळूच सांगतं की अमुक माणसानं आकार वाढवण्यासाठी गळा फुगवणाऱ्या जातीचा दुसऱ्याच जातीशी संकर केला. त्यावर सगळी मंडळी, जणू घोर पाप कानावर पडावं तशी, गंभीरपणे माना हलवतात. डार्विन ती मजा चाखत बसलेला आहे, आणि त्या माना हलण्यातून त्याला कळतं आहे की नव्या जाती घडवण्यात संकराचा वाटा फारसा नसतो.

त्याच्या पत्रव्यवहाराची गोष्ट तर आणखी मोठी. त्याची आलेली-गेलेली पंधरा हजारांहून जास्त पत्रं आज माहीत आहेत, ती जवळपास दोन हजार लोकांशी झालेली. माळी, पशुपालक, सैन्यातले डॉक्टर, वसाहतींतले अधिकारी. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथ त्याला इथल्या प्राण्यांविषयी पानंच्या पानं लिहीत होता. मद्रासहून वॉल्टर इलियट त्याला कबुतरांची कातडी पाठवत होता. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा एकांतातल्या चिंतनाचा ग्रंथ वाटतो खरा, पण तो टपालानं लिहिला गेला आहे.

‘मग तुमचं म्हणणं तो बहिर्मुख होता?’ असा प्रश्न येणारच. नाही. डाऊनमधली त्याची शांत दिनचर्या, रोजची ठरलेली फेरी, अनोळखी पाहुण्यांची धास्ती, हेही खरंच आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की दोन्ही बाजूंचा पुरावा ढीगभर आहे, आणि अक्षर निवडायचं म्हणजे त्यातला एक ढीग फेकून द्यायचा.

इथे एक गमतीची गोष्ट. ज्या युंगच्या पुस्तकातून हे सगळं निघालं, त्यात डार्विनचं नाव आहे. युंगनं त्याला कोणत्या प्रकाराचा नमुना म्हणून दिलं? बहिर्मुख विचारप्रधान माणसाचा. अंतर्मुखाचा नमुना म्हणून त्याच्यासमोर त्यानं तत्त्वज्ञ कांटला उभं केलं. डार्विन बाहेरच्या वस्तुस्थितीच्या आधारानं बोलतो, म्हणून तो बहिर्मुख. म्हणजे मूळ गुरू म्हणतो बहिर्मुख आणि शिष्य म्हणतात अंतर्मुख. शिष्यांचं यावर उत्तर तयार असतं: युंगच्या मनातला अर्थ वेगळा होता, आमचा वेगळा. असेल. पण मग ‘युंगनंसुद्धा थोरांचे प्रकार ओळखले होते’ ही ढाल त्यांनी खाली ठेवावी. युंगचं नाव हवं आणि युंगचा निकाल नको, असं चालणार नाही.

यावर सर्वांत चतुर बचाव असा असतो: ‘प्रकार म्हणजे वागणूक नव्हे. वागणूक परिस्थितीनं बदलते. प्रकार आत असतो, मनाच्या कामकाजाच्या पद्धतीत.’ ऐकायला खोल वाटतं. पण जिवंत माणसाच्या आत पाहणं अवघड, तर 1882 साली गेलेल्या माणसाच्या आत हे कोणत्या वाटेनं शिरले? वागणुकीच्याच. तो गुत्त्यात बसला तर ‘संशोधनासाठी बसला, आतून अंतर्मुखच’. तो घरी राहिला तर ‘बघा, अंतर्मुख’. काहीही घडलं तरी निकाल तोच लागत असेल, तर घडलेल्या गोष्टींचा त्या निकालाशी संबंधच उरत नाही. आपल्याकडे पत्रिका पाहणाऱ्यांची पुष्कळ थट्टा होते, मीही करतो. पण ज्योतिषी निदान जन्मवेळ तरी विचारतो. माणूस मोठा झाला की नाही यावर ती वेळ अवलंबून नसते. इथे आधी माणसाच्या कीर्तीवरून प्रकार ठरतो, आणि मग त्या प्रकारावरून त्याच्या कीर्तीचं कारण सांगितलं जातं. डार्विननं मोठा सिद्धान्त मांडला म्हणून तो अंतःप्रेरणेचा माणूस, आणि अंतःप्रेरणेचा माणूस होता म्हणून त्याला तो सिद्धान्त सुचला.

हे दुसरं अक्षर तर फारच तकलादू आहे. गालापागोस बेटांवर फिंच पक्ष्यांच्या चोची पाहून त्याला वीज चमकल्यासारखं सगळं उमगलं, या दंतकथेवर ते उभं आहे. प्रत्यक्षात कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, याची चिठ्ठीही त्यानं धड लावली नव्हती. ते सगळे फिंचच आहेत हे 1837 साली लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं सांगितलं, आणि बेटांचा हिशोब जुळवायला जहाजावरच्या इतरांनी गोळा केलेले नमुने मागून घ्यावे लागले. पुढे आठ वर्षं हा माणूस बार्नकलांवर, खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटणाऱ्या त्या कवचधारी जिवांवर, भिंगाखाली वाकून बसला. तपशिलाचा माणूस नाही म्हणे!

विचार की भावना? 1838 साली त्यानं लग्न करावं की नाही याचे फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहिले आणि शेवटी भूमितीतल्या प्रमेयासारखं ‘लग्न सिद्ध’ असं मांडलं, ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात आणि ‘टी’ लावून मोकळे होतात. त्याच माणसाची दहा वर्षांची लेक अॅनी एप्रिल 1851 मध्ये गेली. आठवड्याभरात त्यानं तिच्यावर जे लिहून काढलं ते वाचलं की रकाने आठवत नाहीत. आणि त्याआधी, ब्राझीलमध्ये, गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्या ‘बीगल’च्या कप्तान फिट्झरॉयशी त्याचं असं भांडण झालं होतं की जहाज सोडावं लागतं की काय अशी वेळ आली. एका मालकानं आपल्या गुलामांना बोलावून विचारलं, स्वातंत्र्य हवं का, आणि ते नाही म्हणाले, असं फिट्झरॉय सांगत होता. मालकासमोर दिलेल्या उत्तराला काय किंमत, असं डार्विननं विचारलं. या प्रश्नात विचार किती आणि भावना किती, ते वेगळं काढून दाखवावं. शेवटच्या अक्षराबद्दल मी भांडत नाही. पत्नी एमाबरोबर खेळलेल्या बॅकगॅमनच्या डावांचा हिशोब ज्यानं वर्षानुवर्षं ठेवला आणि 1876 साली ‘ती 2490, मी 2795’ असं मित्राला आनंदानं कळवलं, त्याला हवं तर शिस्तीचं अक्षर द्या. फक्त त्यानं आपला सिद्धान्त वीस वर्षं का रखडवला, तेही मग सांगा.

खरं तर डार्विननं एकदा स्वभावाचा फॉर्म भरला होता. 1873 साली त्याचा आतेभाऊ-मामेभाऊ म्हणावा असा नातेवाईक, फ्रान्सिस गाल्टन, यानं इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. उंची, केसांचा रंग, हॅटचं माप, राजकारण, धर्म, स्वभाव, स्मरणशक्ती, सगळंच त्यात होतं. डार्विननं ती भरली. खास बुद्धिगुण कोणते, या प्रश्नाला त्याचं उत्तर काय असावं? खास काही नाहीत, व्यवहार सोडून. म्हणजे हिशोब ठेवणं, पत्रांना वेळेवर उत्तर देणं आणि पैसे नीट गुंतवणं. सोबतच्या चिठ्ठीत त्यानं लिहिलं की उत्तरं जमतील तशी दिली आहेत, पण कोणता गुण किती प्रमाणात आहे हे ठरवणं आपल्याला निव्वळ अशक्य आहे. ज्याचं डोकं होतं त्यालाच जे जमलं नाही, ते आज आपण चहा पिता पिता उरकतो.

तसं डार्विनला ओळखून टाकणारे त्याच्या हयातीतही होते. ‘बीगल’वर घ्यायच्या आधी फिट्झरॉयनं त्याचं नाक पाहिलं. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणाऱ्या लाव्हाटरच्या शास्त्रावर कप्तानाची श्रद्धा होती आणि असल्या नाकाच्या माणसात प्रवासाला लागणारी चिकाटी असेल, हे त्याला पटेना. नाक तेव्हा थोडक्यात वाचलं. नंतरच्या काळात जर्मनीतल्या एका मानसशास्त्रीय मंडळानं त्याचा फोटो मागवला, भर सभेत त्याच्या डोक्याच्या आकारावर चर्चा केली आणि एका वक्त्यानं जाहीर केलं की याच्या कवटीवरचा भक्तिभावाचा उंचवटा दहा धर्मगुरूंना पुरेल एवढा आहे. डार्विननं या दोन्ही गोष्टी आत्मचरित्रात मिश्कीलपणे नोंदवल्या आहेत. गंमत म्हणजे तोच सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडणारा वॉलेस मात्र कवटीशास्त्रावर मनापासून विश्वास ठेवणारा होता. लोक त्या विद्येकडे दुर्लक्ष करतात याची त्याला शेवटपर्यंत खंत होती. तेव्हा माणूस बुद्धिमान असला म्हणजे या गोष्टींपासून सुरक्षित असतो असं नाही.

आणि वॉलेसचं नाव निघालंच आहे, तर अक्षरवाल्यांनी त्याचं काय करायचं ते ठरवावं. शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटलेली, घरची गरिबी, किडे आणि पक्षी विकून पोट भरणारा, पुढे प्रेतात्म्यांशी संवादावर विश्वास ठेवणारा आणि लसीकरणाला विरोध करणारा. डार्विनशी जुळणारं यात फार थोडं आहे. तरी 1858 साली मलायाकडच्या बेटांवर तापात पडल्या पडल्या त्याला तोच सिद्धान्त सुचला. दोघांत समान काय होतं, ते मात्र सांगता येतं: दोघांनी माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला होता, दोघेही बेटांवर हिंडले होते, दोघांनी एकाच जातीचे ढीगभर नमुने हाताळले होते. आणि डार्विनला आठ वर्षं बार्नकलांवर बसता आलं, कारण त्याचा बाप श्रूझबरीचा श्रीमंत डॉक्टर होता आणि मुलाला आयुष्यात एक दिवसही पगारासाठी राबावं लागलं नाही. स्वभावाच्या अक्षरांत बापाच्या पैशाला जागा नाही. ब्लाइथलाही नाही, कबुतरबाजांनाही नाही, आणि एडिंबरामध्ये पैसे घेऊन त्याला पक्ष्यांत पेंढा भरायला शिकवणाऱ्या जॉन एडमनस्टन या गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही नाही.

याच बार्नकलांनी त्याला ‘प्रकार’ या कल्पनेचा किती छळ सोसायला लावला, हे त्यानं 1853 साली आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हुकर याला लिहिलं आहे. काही नमुने वेगवेगळ्या जाती म्हणून लिहायचे, कागद फाडायचे, सगळ्यांची एकच जात करायची, ते फाडायचं, पुन्हा वेगळ्या करायच्या, पुन्हा एक. दात-ओठ खात त्यानं ‘जाती’ या शब्दालाच शिव्या घातल्या. सीमारेषा सापडत नव्हत्या, कारण त्या नव्हत्याच. माणसांच्या स्वभावाचं मोजमाप करणाऱ्यांना पुढे हेच दिसलं. अंतर्मुख-बहिर्मुख हा फरक खोटा नाही, तो मोजता येतो. पण 1989 साली मॅक्रे आणि कोस्टा यांनी हीच चार अक्षरं तपासली तेव्हा माणसांचे वेगळे गट काही हाती लागले नाहीत. बहुतेक लोक मध्याजवळ असतात आणि एखाद-दुसऱ्या उत्तरानं रेषेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला पडतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की कित्येकांचं एखादं अक्षर बदललेलं असतं.

आता ‘गंमत आहे’ म्हणणारे. गंमत असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण ती गमतीपुरती राहत नाही. नोकरीच्या प्रशिक्षणात तुमचं अक्षर पाहून ‘यांना लोकांसमोर पाठवू नका’ असं म्हणणारे साहेब मी पाहिले आहेत. आणि ‘डार्विनही तुझ्यासारखाच अंतर्मुख होता’ असं अबोल मुलाला सांगून धीर देणाऱ्या शिक्षिकेचा हेतू चांगला असतो, हेही मला मान्य आहे. पण त्या मुलाच्या हाती त्यातून लागतं काय? अक्षर काही कमावता येत नाही. डार्विनची एक सवय मात्र कुणालाही उचलता येते आणि तिला तो स्वतः फार महत्त्व देत असे. आपल्या मताविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो लगेच, न चुकता, लिहून ठेवायचा. कारण त्याच्या अनुभवात अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात.

‘आय-एन-टी-पी’वाल्यांनी आणि ‘आय-एन-टी-जे’वाल्यांनी एक कोरी वही घ्यावी आणि डार्विनबद्दलच्या आपल्या मताविरुद्ध जे जे सापडेल ते टिपायला लागावं. पहिली नोंद बरोमधल्या त्या गुत्त्याची करावी.